वरच्या मजल्यावरचं हसू

एका भल्या बाईला मी तिच्याच नवऱ्याशी परक्या माणसाच्या नावाने बोलायला शिकवलं. मूर्खपणे माझ्या हातून पुष्कळ झाले, पण बहुतेक माझे मलाच निस्तरता आले. हा आला नाही. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून थोडा अवकाश होता.

ती बाई आणि तिचा नवरा आमच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल. नाव लिहीत नाही. तंजावरात मराठी बोलणारे आम्ही इतके थोडे उरलोत, की सकाळी इथे नाव घेतलं तर दुपारच्या जेवणाला ते कुंभकोणममध्ये तोंडी लावायला जाईल.

मोबाईल आडवा धरून खेळणारी मोठी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कानांवर हेडफोन, नजर खाली, हाताचे दोन्ही अंगठे उंदरासारखे पळताहेत. पण पायाच्या अंगठ्याने बोलणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी जिना चढून वर गेले की तो वेताच्या खुर्चीत पाय लांब करून बसलेला असायचा. हात रिकामे नाहीत, तोंड दूरच्या लोकांशी बोलण्यात गुंतलेलं. म्हणून तो उजव्या पायाचा अंगठा उभा करायचा. म्हणजे, "बसा आजी, येतोच." अंगठा दोनदा हलला तर डाव संपत आला. सगळी बोटं एकदम ताणली गेली तर बिचारा मेला, खेळात. मग लगेच हेडफोन काढून उभा राहायचा. "या आजी. कॉफी घेणार ना?"

इंजिनिअरिंग कॉलेजात तो जमिनीची मोजणी शिकवायचा. पस्तिशीचा. दारू नाही, सिगारेट नाही, साडेपाचला घरी. साडेपाचला घरी येणारा नवरा मिळावा म्हणून आमच्या वेळी बायका उपास करायच्या. हा यायचा, अंघोळ करायचा, कपाळाला गंध लावायचा, कॉफी प्यायचा आणि सहाच्या ठोक्याला खुर्चीत बसायचा. जेवणापर्यंत उठायचा नाही. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासूनच.

"मधेच सोडता येत नाही, आजी. बाकीचे चौघं अडकतात."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मलाही त्या चौघांची काळजी वाटायला लागली. एक सेलमचा, एक मदुरैचा, दोघं आखाती देशात नोकरीला. यातल्या एकालाही त्याने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण सेलमवाल्याच्या आईची शुगर किती, हे त्याला तोंडपाठ. बायकोला डोसा जाड आवडतो की पातळ असं विचारलं असतं, तर त्याने पायाचा अंगठा हलवला असता.

तो वाईट असता तर हे लिहिणं सोपं झालं असतं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा परदेशात होता. याने रजा काढली. दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला आणि मोबाईल खिशातून काढला नाही. नंतर पंधरा दिवस माझ्या डोळ्यांत चार वेळा थेंब घातले. थेंब घालताना म्हणायचा, "वर बघा आजी. घाबरू नका. मी आहे." हीच वाक्यं संध्याकाळी वरून ऐकू यायची, त्या चौघांसाठी, तमिळमध्ये. घाबरू नको. मी मागे आहे.

त्याची बायको ओरत्तनाडुकडची. बँकेत नोकरी, स्कूटर भरधाव चालवायची आणि हसायची इतकी मोठ्याने की कावळे उडायचे. एका प्रदोषाला ती मोहरी रंगाची साडी नेसून, केसांत मल्लिगेचा गजरा माळून जिन्यात उभी होती. मोठ्या देवळात नंदीचा अभिषेक बघायला जायचं होतं.

"काय गो, निघाली नाहीस?" मी विचारलं.

"चौघं अडकलेत, आजी," म्हणाली आणि हसली.

ते दोघं पोचले तेव्हा अभिषेक संपून लोक परतत होते. "नंदीला पुसायला घेतलं होतं," तिने आल्यावर सांगितलं, आणि तेव्हाही हसलीच. पुढच्या प्रदोषापासून ती माझ्याबरोबर यायला लागली. गजरा न माळता.

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आमच्याकडे हे कुणी सरळ विचारत नाही. लग्नात, देवळात, भाजीच्या गाडीपाशी बायका हळूच म्हणतात, "काही विशेष?" ते तिलाच विचारायच्या. त्याला कुणी विचारलं नाही. एकदा तर एका मावशीने तो खुर्चीत बसलेला असताना, त्याच्यासमोरच, तिच्या पोटाकडे बघत विचारलं. त्याच्या कानांवर हेडफोन होते. ऐकू आलं नसेल, असं आम्ही दोघी समजलो.

मीही कमी नव्हते. मीच त्यांना तिरुकरुगावूरला गर्भरक्षांबिकेच्या देवळात घेऊन गेले. तिथे तूप देतात. नवराबायकोने रोज थोडं थोडं घ्यायचं, अठ्ठेचाळीस दिवस. त्या तुपासाठी मात्र तो खेळायला बसण्याआधी न चुकता थांबायचा. ओंजळ पुढे करायचा, चाटायचा आणि खुर्चीकडे वळायचा. पहिले अठ्ठेचाळीस दिवस संपले, आम्ही पुन्हा जाऊन तूप आणलं. तो पुन्हा ओंजळ पुढे करायला लागला. मी तिला म्हटलं, "बघ, देवीपुढे त्या चौघांचं काही चालत नाही." खूश झाले होते मी.

मग एका संध्याकाळी ती कढीपत्ता मागायला खाली आली आणि कढीपत्ता हातात घेऊन झोपाळ्यावर बसूनच राहिली.

"आजी, भांडण असतं तर बरं होतं. भांडायला तरी माणूस समोर बघतो."

"बोलत नाही का तो?"

"बोलतो ना. दिवसाला वीस शब्द. त्यातले दहा जेवणाबद्दल." थोडा वेळ कढीपत्त्याची पानं तोडत राहिली. "त्याला मी नको असेन, तर तसं सांगावं त्याने. मी ऐकून घेईन. पण हे काय आहे ते मला कळत नाही. आईकडून फोन येतात, परत ये म्हणून. मी अजून नाही म्हणतेय."

इथे माझी अक्कल जागी झाली. म्हणजे जी काय होती ती.

माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या ह्यांना टपालाने बुद्धिबळ खेळायचा नाद. एका कार्डावर एक चाल लिहून पाठवायची, उत्तराची वाट बघायची. खोलीत चार पट मांडलेले, त्यांना कुणी हात लावायचा नाही. मी धूळ पुसताना एक उंट सरकवला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. मग मी माहेरी कुंभकोणमला गेले तेव्हा भावाकडून खेळ शिकून घेतला, आणि भावाच्या पत्त्यावरून ह्यांना कोणी एक रामनाथन कार्ड पाठवायला लागला. माझ्या चाली, भावाचं अक्षर. पाच महिने. हे जेवताना म्हणायचे, "काय डोकं आहे गो त्या रामनाथनचं!" मी रस्सम वाढत मान खाली घालायची आणि मनात स्वतःला मुजरे करायची. ज्या दिवशी हे हरले त्या दिवशी मी सांगून टाकलं. हे इतके हसले की उचकी लागली. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून सांगितलं. त्यानंतर रोज संध्याकाळी एक डाव माझ्याशी, शेवटच्या आजारापर्यंत.

ती एकोणीस वर्षांची शहाणी आज भेटली तर तिचा कान पिळीन. एक डाव काय जिंकली, पंचेचाळीस वर्षं फुशारत राहिली. रामनाथनला ह्यांनी हत्तीघोड्यांपलीकडे एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी त्या पोरीला म्हटलं, "तू पण खेळ. पण तू म्हणून नको."

आधी ती हसली. मग तिने कढीपत्ता खाली ठेवला.

खेळातलं तिचं नाव मीच ठरवलं. नामक्कलचा सेल्वम. लॉरीवाला. तिच्या बँकेतल्या एका मुलीने तिला खेळ शिकवला. ओळखू येण्याची भीती नव्हती. घरात ती दोघं मराठीच बोलायची, आपल्या माणसांशी दुसरी भाषा बोलायची नाही असं त्याच्या आईने त्याला वळण लावलेलं. तिथे सगळं तमिळ. आवाजाचं काय, तर सेल्वमचा माईक बिघडलेला. तो फक्त टाईप करायचा. आखातातल्या एकाची ड्यूटी बदलली म्हणून तो येईनासा झाला होता. रिकामी जागा आठवड्याभरात सेल्वमला मिळाली.

संध्याकाळी सहाला ती "आजीला जरा सोबत करते" म्हणून खाली यायची आणि झोपाळ्यावर मांडी घालून बसायची. वर तो, खाली ती, मधे एक छत. मी मुरुक्कू खात शेजारी बसायची, सेनापतीसारखी.

पहिल्या दोन दिवसांत सेल्वम अकरा वेळा मेला. त्याने एकदाही आवाज चढवला नाही. ती कानातलं ऐकून मला मराठीत सांगायची, "म्हणतोय, घाई करू नको सेल्वम. भिंतीला लागून चल. मी बघतो." तिचे कान लाल व्हायचे.

तिसऱ्या दिवशी त्याने काहीतरी विचारलं आणि तिने टाईप केलं, की माझी लॉरी मागे जाताना जास्त चांगली चालते. दोन क्षण गेले. मग वरून आवाज आला. तो हसताना आधी शिंक आल्यासारखा थबकायचा आणि मग फुटायचा. छतातून खाली आलं ते हसू. ती वर बघत राहिली. झोपाळा थांबला.

"आजी, हे मी हसवलं," ती म्हणाली. "दोन वर्षांत पहिल्यांदा."

ते दिवस बरे गेले. ती वर जाताना गुणगुणायची. पण महिन्याभराने एकदा हेडफोन काढून म्हणाली, "आजी, मला त्या सेल्वमचा राग यायला लागलाय."

मी हसले. "अय्यो, स्वतःचाच मत्सर करणारी तू पहिली गो! अजून आठ दिवस थांब. मग सांगून टाक."

"आत्ता सांगते ना, आजी. मला हे बरं वाटत नाही."

"आठ दिवस," मी म्हटलं. मला शेवट रंगवायचा होता.

त्या आठातला पाचवा दिवस. डाव संपला होता, बाकीचे निघून गेले होते. तो आणि सेल्वम असे दोघंच लिहीत होते. सेल्वमने विचारलं, घरी कोण कोण? त्याने लिहिलं, बायको. चांगली आहे. माझ्यापेक्षा खूप चांगली. ते वाचताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग सेल्वमने विचारलं, मुलं?

मग एकामागून एक ओळी यायला लागल्या. आधी ती मला मराठीत सांगत होती. मग मराठी करायचं राहून गेलं, तमिळच वाचत राहिली. त्याने लिहिलं होतं, की चित्रै महिन्यात तो एकटाच तिरुचीला जाऊन तपासून आला होता. दोनदा. दोष त्याचा आहे. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. तिला माहीत नाही. सगळे तिलाच विचारतात. ती देवळातलं तूप खाते, मी पण खातो. आधी खेळाचा नुसता नाद होता, आता तिच्याकडे बघवत नाही म्हणून संध्याकाळभर इकडे बघत बसतो. तू तुझ्या बायकोला असलं काही कसं सांगितलं असतंस, सेल्वम?

माझ्या तोंडात मुरुक्कू होता. तो गिळून मी म्हटलं, "बघ! तू नको आहेस असं काही नाहीच. जा वर. सांग त्याला, सेल्वम मीच म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "तूप आपण कधी सुरू केलं, आजी?"

"आवणी महिन्यात."

"म्हणजे चार महिन्यांनी." ती उठली. "माहीत असून खात होता."

ती वर गेली. आणि मी, सांगायला लाज वाटते, छताकडे कान लावून त्याच्या हसण्याची वाट बघत बसले. आता ती सांगेल, आता तो शिंक आल्यासारखा थबकेल, आणि मग फुटेल. ह्यांना उचकी लागली होती तसं काहीतरी.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ मोरीतला नळ चालू होता.

त्याच दिवशी त्याने खेळ मोबाईलमधून काढून टाकला. हे मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, बँकेत जाताना, स्कूटर चालू ठेवूनच. म्हणजे आम्हाला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. त्याचं खेळणं सुटलं. त्याच्या मनातलं कळलं. पुढचे दोन महिने तो संध्याकाळी त्याच खुर्चीत रिकाम्या हाताने बसायचा आणि ती आतल्या खोलीत. मी वर गेले तर पाऊल वाजताच उठून उभा राहायचा. "या आजी." वाट बघायला लावायला काही उरलंच नव्हतं.

मी दोघांशी वेगवेगळं बोलून पाहिलं. तो म्हणाला, "मी माझं सगळ्यात लाजेचं ते लिहिलं, आणि ते खाली झोपाळ्यावर बसून, मोठ्याने वाचलं गेलं." ती म्हणाली, "पाच वर्षं मी शेजारी होते. त्याला नामक्कलचा लॉरीवाला जवळचा वाटला." मी याचं तिला सांगितलं, तिचं याला सांगितलं. सरी, सरी, होईल सगळं ठीक, म्हटलं. काही झालं नाही.

तिने कोइम्बतूरला बदली मागून घेतली. निघताना पाया पडली. "मूल नाही म्हणून मी जात नाही, आजी. हे लोकांना सांगा. विचारतीलच." मी सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. आमच्या लोकांना याच्यापेक्षा वेगळं कारण समजत नाही, आणि खरं कारण सांगायचं तर त्यात मी येत होते. तेवढं मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

तोही पोंगलनंतर घर सोडून गेला. दुसऱ्या गावच्या कॉलेजात नोकरी मिळाली होती. वर आता एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. सहा वाजता बातम्या लावतात, मोठ्याने. ती दोघं अजून एकमेकांना फोन करतात का, मला ठाऊक नाही. विचारण्याचा हक्क मी माझ्या हातानेच घालवला.

जायच्या दिवशी तो किल्ली द्यायला आला. किल्ली देऊन लगेच गेला नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत राहिला. मी चार दिवस मनात घोळवलेलं बोलले. "माझं चुकलं रे. तिच्या मनात नव्हतं, तिने आधीच सांगून टाकायचं म्हटलं होतं. मीच थांबवलं. तिला दोष देऊ नकोस."

त्याने एक नाडी बांधली. मग दुसरी. वर बघितलं, आणि तो नेहमी बोलायचा त्याच सभ्य आवाजात म्हणाला:

"ते मी तिलाच सांगणार होतो, आजी. आधी कुणाला तरी सांगून बघत होतो."